पाच डॉलर मिळण्याआधीचा लव्हक्राफ्ट

(पडद्यावर: उथळ ट्रे, त्यात घट्ट झालेली जेली, वर हाताने दाबून धरलेला कागद.)

या ट्रेला हेक्टोग्राफ म्हणतात. जिलेटिन पाण्यात भिजवायचं, पाच-सहा पट ग्लिसरीन घालून मंद आचेवर विरघळवायचं आणि ट्रेमध्ये ओतून थंड होऊ द्यायचं. ग्लिसरीन कमी पडलं तर थर सुकतो, तडकतो. ओतताना बुडबुडे राहिले तर तेवढ्या जागी अक्षर उमटत नाही. जांभळ्या ॲनिलीन शाईने कागदावर मजकूर लिहायचा आणि तो कागद जेलीवर पालथा घालून एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा. शाई जेलीत उतरते. मग एकेक कोरा कागद वर ठेवायचा, तळहात फिरवायचा आणि कोपऱ्याला धरून उचलायचा. पहिल्या प्रती गडद येतात. पन्नासाव्या प्रतीपर्यंत अक्षर वाचता आलं तर नशीब.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स शहरात, 1903 साली जेमतेम तेरा वर्षांचा एक मुलगा अशा जेलीवर खगोलशास्त्राचं नियतकालिक काढत होता. लेखक तोच, संपादक तोच, छापणाराही तोच. त्याचं नाव हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट, पुढे भयकथांसाठी गाजलेला लेखक.

त्याचं वाचन याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. आपण ज्यांना ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ म्हणून ओळखतो, त्या पाचव्या वर्षी त्याच्या हाती पडल्या. त्या नादात त्याने स्वतःला एक अरबी धाटणीचं नाव घेतलं: अब्दुल अल्हाझ्रेद. पुढे हेच नाव त्याच्या काल्पनिक ‘नेक्रोनॉमिकॉन’ ग्रंथाच्या वेड्या कर्त्याला मिळालं. मग ग्रीक पुराणकथा आल्या आणि आठव्या वर्षी अमेरिकन भयकथाकार एडगर ॲलन पो. आजोबा व्हिपल फिलिप्स स्वतः रचलेल्या भयगोष्टी नातवाला तोंडी सांगत. 1904 साली आजोबा गेले, घरची आर्थिक घडी विस्कटली, राहतं घर सुटलं. 1908 मध्ये प्रकृती ढासळून शाळाही अर्धवट राहिली. त्या सुमारास त्याने पोरवयातल्या बहुतेक कथा नष्ट केल्या. कथालेखन थांबलं, ते तब्बल नऊ वर्षं.

(पडद्यावर: जुन्या छापखान्यातली खिळ्यांची पेटी.)

त्याला परत लिहितं केलं ते भांडणाने. ‘द आर्गोसी’ मासिकातल्या एका लोकप्रिय लेखकाच्या प्रेमकथांवर त्याने 1913 साली झोड उठवली. चाहते चिडले, वाचकांच्या पत्रांच्या सदरात पद्यातून वाद रंगला. तो ‘युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ या हौशी लेखक-प्रकाशकांच्या संस्थेतल्या एडवर्ड डास यांनी पाहिला आणि एप्रिल 1914 मध्ये लव्हक्राफ्ट तिचा सभासद झाला.

ही संस्था कशी चालायची ते नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याची खरी शाळा हीच. ज्याला जमेल त्या सभासदाने आपला छोटा अंक काढायचा. घरी हातयंत्र असेल तर स्वतः खिळे जुळवायचे, नसेल तर छापखान्याला पैसे द्यायचे. अंक विकायचा नाही, टपालाने इतर सभासदांना पाठवायचा. बदल्यात त्यांचे अंक येतात. शिवाय संस्थेच्या मुखपत्रात जाहीर समीक्षेचा एक विभाग असे, त्यात आलेल्या अंकांतलं व्याकरण, वृत्त, रचना तपासली जाई. लव्हक्राफ्ट वर्षभरातच त्या विभागाचा प्रमुख झाला. म्हणजे नवशिक्यांच्या चुका तो ढिगाने वाचत होता, आणि चूक का झाली ते लिहूनही देत होता. लेखकाला याहून चांगली तालीम मिळणं कठीण.

त्याचा स्वतःचा अंक ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह’. 1915 ते 1923 या काळात तेरा अंक निघाले. सुरुवातीच्या अंकांत भय शोधू नका. तिथे अठराव्या शतकाच्या थाटातल्या कविता आहेत, वृत्तावरचे आग्रह आहेत, राजकारण आहे. आणि उघड वंशद्वेषही आहे. तो वगळून या माणसाची ओळख करून देणं प्रामाणिकपणाचं नाही, कारण परक्यांविषयीची ती तिडीक पुढे कथांतही झिरपली.

कथेकडे त्याला वळवलं ते पॉल कुक या हौशी प्रकाशकाने. नष्ट होण्यातून वाचलेली एक जुनी कथा 1916 मध्ये मुखपत्रात छापून आली, ती वाचून कुकने आणखी लिहिण्याचा आग्रह धरला. 1917 च्या जून-जुलैत लव्हक्राफ्टने ‘द टूम’ आणि ‘डेगन’ लिहिल्या. दोन्हींत पो स्पष्ट ऐकू येतो: प्रथमपुरुषी निवेदक, आपण वेडे नाही अशी आधीच दिलेली ग्वाही, चढत जाणारा स्वर.

मग 1919 साली अद्भुतकथा लिहिणारे आयरिश लेखक लॉर्ड डन्सेनी वाचनात आले. त्याच ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये त्यांचं व्याख्यानही त्याने ऐकलं. लगेच कथांमध्ये कल्पित नद्या, घुमणारी नगरनामं, बायबलसारखी ‘आणि’ने जोडलेली लांब वाक्यं दिसू लागली. वाचायला सुंदर, पण भीती पातळ. कारण साधं आहे. जिथे सगळंच अद्भुत, तिथे विपरीत काही घडलं तरी वाचक दचकत नाही. मोडायला आधी ओळखीचं काहीतरी उभं लागतं. माझ्या पो-कथा आहेत, डन्सेनी-कथा आहेत, माझ्या अशा कुठे आहेत, अशा अर्थाची खंत त्याने 1929 मध्येही एका पत्रात व्यक्त केली.

पहिली ठरलेली बिदागी ‘होम ब्रू’ या छोट्या मासिकाकडून आली: सहा भागांच्या मालिकेला दर भागाचे पाच डॉलर. इथे वेगळीच अडचण उभी राहिली. प्रत्येक भागाच्या आरंभी मागची कथा थोडक्यात सांगायची आणि शेवटी धक्का द्यायचा. सहा वेळा तेच केलं की गोळा होत आलेली भीती दर वेळी विस्कटते. लव्हक्राफ्टला हे काम मनापासून नावडलं, आणि कथा वाचताना ते जाणवतं.

(पडद्यावर: वहीचं पान, एकेका ओळीच्या नोंदी.)

1919-20 च्या सुमारास त्याने एक टिपणवही सुरू केली. स्वप्नं, बातम्या, वाचलेलं, सगळं एक-दोन ओळींत. अशा दोनशेहून अधिक नोंदी जमल्या. नोंदीतून कथा करण्याची रीत त्याने पुढे पाच पायऱ्यांत मांडली. आधी घटना घडल्या त्या क्रमाने आराखडा. मग त्या वाचकाला सांगायच्या त्या क्रमाने दुसरा. तिसरी पायरी, न थांबता भरभर कच्चा खर्डा, आणि लिहिताना सुचलं तर आराखडा खुशाल बदलायचा. चौथी, शब्द, लय, सुसंगती यांची पुनर्तपासणी. पाचवी, स्वच्छ टंकलिखित प्रत.

पहिल्या दोन पायऱ्या वेगळ्या का, ते ‘द कॉल ऑफ कथुलू’मध्ये दिसतं. घडण्याच्या क्रमात 1907 चा दलदलीतला पोलीस छापा आधी, शिल्पकाराची स्वप्नं आणि समुद्रावरचा प्रसंग 1925 मध्ये. सांगण्याचा क्रम मात्र असा: वारलेल्या नातलगाचे कागद, त्यांत आधी शिल्पकाराची स्वप्नं, मग मागे जाऊन छापा, आणि शेवटी वर्तमानपत्राच्या एका कात्रणावरून खलाशाचं हस्तलिखित. पत्ते, तारखा, नावं सगळी रोजच्या जगातली. तुकडे निवेदक जोडतो, पण भीती वाचकाला त्याच्या एक पाऊल आधी गाठते. 1926 मध्ये लिहिलेली ही कथा ‘वीअर्ड टेल्स’ या भय-अद्भुत कथांच्या मासिकाने आधी नाकारली आणि फेब्रुवारी 1928 च्या अंकात छापली. नारायण धारप वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला त्या जगाचा वास ओळखीचा वाटेल.

पाचव्या पायरीचा लव्हक्राफ्टला आयुष्यभर कंटाळा होता. 1923 मध्ये याच मासिकाला त्याने पाच कथा पाठवल्या, त्याही ओळींमध्ये जागा न सोडता टंकलेल्या. संपादकाने दुप्पट अंतर सोडून पुन्हा टंकायला सांगितलं. ओळींमधली जागा तेव्हा संपादकाच्या खुणांसाठी असे; ती नसेल तर मजकूर छपाईला देणं अवघड जाई. कुरकुरत त्याने ‘डेगन’ पुन्हा टंकली. ऑक्टोबर 1923 च्या अंकात ती आली.

हौशी अंक मात्र त्याने सोडले नाहीत. आपल्याला घडवणाऱ्या भयसाहित्याचा प्रदीर्घ आढावा त्याने लिहिला, तो पॉल कुकच्या अंकासाठीच, 1927 साली. लव्हक्राफ्ट 15 मार्च 1937 रोजी वारला. त्या पाच पायऱ्या त्यानंतर दोनेक महिन्यांनी, अशाच एका हौशी अंकात छापून आल्या.