मायबाप मन आणि धोरण

(दृश्य: नागपूर, सकाळ. रेशन दुकानापुढची रांग. ई-पॉस मशीनवर टेकलेला अंगठा.)

अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. धान्याऐवजी रोख द्यावी का, असा विषय निघाला की नागपुरात एक वाक्य हमखास कानावर येतं: "पैसे देल्ले त दारूत उडवतीन. धान्यच द्या त्याह्यले."

बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असं नाही. मदत बंद करा, असंही तो म्हणत नाही. समोरच्याला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, एवढं त्यानं धरून ठेवलेलं असतं. हेच ते मायबाप मन. आता, रोखीला विरोध करायला चांगली कारणंही आहेत. भाव चढतात, बँक लांब असते, आणि पुष्कळ बाया स्वतःच धान्य मागतात. म्हणून नुसत्या उत्तरावरून मन ओळखता येत नाही.

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन छापील प्रश्नावल्या.)

अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ अँडी बेकर यांनी २०१५ साली असं मन मोजणाऱ्या दोन सर्वेक्षण-प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. देशातल्या कल्याण योजनांच्या बाबतीत गोरे अमेरिकन काळ्या लाभार्थ्यांसाठी हात आखडता घेतात, हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. परदेशी मदतीचा प्रश्न आला तेव्हा मात्र उलट घडलं. पूर्व युरोपातल्या गरिबांपेक्षा आफ्रिकी वंशाच्या गरिबांना मदत द्यायला ते अधिक राजी होते. कारण 'त्यांची गरज मोठी' हे नव्हतं. 'त्यांच्यात स्वतःहून काही करण्याची क्षमता नाही' हा समज त्यामागं होता.

जात म्हणजे वंश नव्हे. बाबासाहेबांनीच ते ठासून सांगितलं आहे. पण ही मोजणी आपल्याकडेही करता येते.

समजा, नागपुरातल्या घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून ४०० घरं निवडली. २०० घरांना एक कागद, २०० घरांना दुसरा. दोन्हींवर तोच प्रश्न: रामटेक तालुक्यातल्या एका गरीब कुटुंबाला सरकारनं महिन्याला २,००० रुपये रोख द्यावेत का? एका कागदावर कुटुंब गोंड आदिवासी, दुसऱ्यावर कोरडवाहू कुणबी शेतकरी. बाकी एकही शब्द बदलायचा नाही. तालुकासुद्धा तोच. एका कागदावर गडचिरोली लिहिलं की जंगल, अंतर, नक्षलवाद असं सगळंच वाचणाऱ्याच्या मनात येतं, आणि मग आपण नेमकं काय मोजलं ते सांगता येत नाही.

दोन्ही कागद एकाच माणसाला देऊ नयेत. तो सावध होतो आणि दोन्हीकडे सारखंच उत्तर देतो. धोरणाचा प्रश्न आधी विचारायचा, नंतर दोन वेगळे प्रश्न: या कुटुंबाला गरज किती? आणि, पैसे कुठं खर्चायचे हे त्यांचं त्यांना कळतं का? हे दोन्ही एका वाक्यात कोंबले की सगळी मेहनत वाया.

प्रश्न विचारणाऱ्याच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव असावं. आपल्याकडे आडनाव कळलं की समोरचा त्याप्रमाणे बोलतो. आणि २०० विरुद्ध २०० घरांत दहा टक्क्यांहून कमी फरक दिसला, तर त्यावर विसंबू नये; तेवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो.

(दृश्य: दीक्षाभूमीचा घुमट, मग जुन्या नागपूरची छायाचित्रं.)

दुसऱ्याचं भलं कोणी ठरवायचं, हा प्रश्न या शहरानं शंभर वर्षांपूर्वी ऐकला आहे. मे १९२० च्या अखेरीस इथं बहिष्कृत समाजाची परिषद भरली, अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज. अस्पृश्यांसाठी शाळा चालवणाऱ्या, विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं म्हणणं होतं की अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सदस्यांनी निवडावेत, अस्पृश्यांच्या संस्थांनी नव्हे. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला आणि परिषदेनं ती भूमिका नाकारली. शिंदे यांच्या तळमळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही, त्यांनी आयुष्य वेचलं. पण शाळा काढायला पुढं सरसावलेलं मन प्रतिनिधी निवडू द्यायच्या वेळी अडखळलं. नेमकी हीच जागा मोजायची असते. ऑगस्ट १९३० मध्ये बाबासाहेबांनी नागपुरातच सांगितलं की तुमची दुःखं तुमच्याइतकी दुसरं कुणी दूर करू शकणार नाही, आणि त्यासाठी राजकीय सत्ता तुमच्या हातात हवी.

(दृश्य: पुन्हा प्रश्नावली. शेवटचं पान, एक रिकामी चौकट.)

म्हणून शेवटचा प्रश्न पैशांचा ठेवू नये, खुर्च्यांचा ठेवावा. गावात जंगलजमिनीवरच्या हक्कांचे दावे तपासणारी वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे लागतात. पंधरा जणांत दहा. हा आकडा उत्तर देणाऱ्याला आधी सांगायचा नाही. फक्त विचारायचं: पंधरा जणांच्या समितीत आदिवासी किती असावेत? गोंड कुटुंबाच्या २,००० रुपयांना मनापासून 'हो' म्हणणाऱ्यानं चौकटीत तीन लिहिलं, तर तो कागद बाजूला काढून ठेवायचा आणि खर्चाच्या प्रश्नाला त्यानं काय उत्तर दिलं होतं, ते पान उलटून पाहायचं.