हे गाणं कोणाच्या कानातलं?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'स्वतंत्र सिनेमा आणि निवडून लावलेल्या संगीताची ओढ', स्वतंत्र म्हणजे मोठ्या बॅनरशिवाय केलेला सिनेमा, आणि त्यावर मी बोलणार आहेच, पण त्याआधी गेली काही वर्षं डोक्यात जे घुमतंय ते एकदा तुमच्यापुढे मोकळं करू द्या, कारण हे जळगावात नाही बोलायचं तर कुठे बोलायचं, पुण्यात बोललो की लोक माना हलवतात पण त्यांना ते आतून टोचत नाही, तुम्हाला टोचेल.

तर गोष्ट अशी की मराठी सिनेमात, आता वेबसिरीजमध्येही, गाव दाखवलं की हलगी वाजते. ड्रोन वर जातो, शेतं दिसतात, एसटी वळणावर येते आणि हलगी सुरू. गाव कुठलंही असो. एसटीच्या पाटीवर शिरपूर लिहिलंय, पिकं कपाशीची आहेत, म्हातारा अहिराणीत शिव्या देतोय आणि मागे आवाज सगळा पंचगंगेच्या काठचा! (हशा) हसू नका जिभाऊ, मी खरंच सांगतोय, एकदा कान तिकडे गेला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

हलगीवर माझा राग नाही हां, हे नीट ऐका. 'फँड्री' आठवा, 2013 चा. त्यातला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, तो नागराज मंजुळेंना सापडला तोच मुळी गावात हलगी वाजवताना. करमाळ्याकडचं पोर. त्याच्या सिनेमात हलगी असणार नाही तर काय असणार, ती त्याच्या बोटांतच आहे. तिथे ती शंभर टक्के खरी. पण साक्री-नवापूरकडे गेलात तर डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर पावरी वाजते, भोपळ्याची आणि बांबूची, वर सातपुड्यात काठी गावच्या होळीला ढोल असे वाजतात की आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही. वहीगायन या आपल्या लोकगायनाचा डफ आहे. श्रावणात कानबाई या आपल्या देवीची गाणी आहेत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून बाया गौराईची गाणी म्हणतात ती आहेत. हे सगळं इथे जिवंत असताना आपल्या गावाला दुसऱ्या गावाचा आवाज का? माझ्या एका मावशीला मी मोबाईलवर असाच एक सीन दाखवला, गाव आपल्याच बाजूचं होतं, तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हाई ते आपलं नही शे भाऊ." डोळे मिटून! चित्र बघितलंच नाही तिने.

आता एक किस्सा सांगतो, थोडा लांबेल, पण माझं म्हणणं त्यातच आहे सगळं.

रावेरकडची दोन पोरं माझ्याकडे आली होती, मी साउंडचं काम करतो हे कोणीतरी त्यांना सांगितलेलं. केळीच्या कापणीवर त्यांनी छोटी फिल्म केलेली, म्हणजे बागेत घड कापणारे, ते खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रकपर्यंत नेणारे मजूर, त्यातला एक सतरा-अठरा वर्षांचा पावरा आदिवासी मुलगा, त्याचा एक दिवस. शूटिंग इतकं छान की काय सांगू, पहाटेचं धुकं, पानांवरून टपकणारं पाणी, त्या मुलाच्या खांद्यावर ठेवलेली गोणपाटाची घडी, केळीचा चीक लागून काळा पडलेला शर्ट. आणि संगीत काय? नेटवरून उतरवलेलं. आधी बासरी, मग एका बाईचा आलाप, आणि ट्रक हलला की, बरोबर, हलगी. मी विचारलं, अरे हे का लावलं? तर म्हणे, सर, इमोशन यायला पाहिजे ना.

मी म्हटलं ठीक आहे, म्यूट कर आणि मला सांग, त्या बागेत तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला काय ऐकू येत होतं. पोरं हुशार, धडाधड सांगायला लागली. ठिबकचा व्हॉल्व उघडल्यावरची फुसफुस, लांब कुठेतरी मोटर, मोर, कोयत्याचा एकच घाव आणि मग घड उतरतानाची पानांची करकर. आणि गाणी? मी विचारलं. तर एक जण सहज म्हणाला, गाणी तर दिवसभर चालूच असतात सर, त्यांच्या मोबाईलवर, टिमली, म्हणजे त्यांची आदिवासी नाचाची गाणी, पण ते कसं घेणार, तो आवाज खराब आहे, आम्ही शूटच्या वेळी त्यांना मोबाईल बंद करायला लावत होतो!

म्हणजे बघा काय झालं. त्या मुलाचं स्वतःचं संगीत, जे त्याने स्वतः निवडलंय, ज्याच्यावर तो गावाकडच्या लग्नात नाचलाय, जे ऐकत तो खांद्यावरचं ओझं वाहतो, ते त्याला बंद करायला लावलं आणि त्या जागी त्याने जन्मात न ऐकलेली बासरी घातली, आणि ही सगळी खटपट त्याचं मन प्रेक्षकाला कळावं म्हणून.

मग आम्ही ते गाणं शोधलं. मेमरी कार्डवरून मेमरी कार्डवर फिरलेलं, फाइलला नाव धड नाही. पण या गाण्यांची एक मजा आहे, गाण्याच्या मधेच गायकाचं आणि रेकॉर्डिंगवाल्याचं नाव पुकारलेलं असतं, त्यावरून माग काढत पोरं सातपुड्यापलीकडे पार बडवानीच्या बाजूला जाऊन पोचली. गायकाने आधी विश्वासच ठेवला नाही, मग चहा पाजला, मग कागदावर सही दिली, पोरांनी पैसे दिले, थोडेच होते पण दिले. आणि फिल्ममध्ये ते गाणं आम्ही स्टुडिओतल्या स्वच्छ आवाजात लावलंच नाही, तसंच मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून येतं तसं पातळ, चिरकं ठेवलं, मुलगा बांधावरून लांब जातो तसं ते लांब जातं, परत येतो तसं परत येतं. फक्त शेवटी तो ट्रकच्या मागच्या बाजूला घडांवर आडवा होतो तेव्हा तेच गाणं हळूहळू पूर्ण भरदार होतं, ढोल, बेस, सगळं. आता ते मोबाईलमधून येत नाहीये, त्याच्या डोक्यातून येतंय. इमोशन पाहिजे होतं ना, घ्या, मिक्सिंगच्या वेळी खोलीत कोणी बोललं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी, कुठल्याही सिनेमातलं संगीत ऐकताना एक प्रश्न विचारा, हे कोणाच्या कानातलं आहे? ज्या सिनेमाला याचं उत्तर देता येतं तिथलं संगीत आपल्याला धरून ठेवतं. ज्याला देता येत नाही तिथे ते नुसतं वाजत असतं.

चिठ्ठी आली आयोजकांची. दहा मिनिटं म्हणतायत. बाहेर भरताची वांगी भाजायला टाकलीत, वास मलाही येतोय. (हशा) बरं, मग छापलेल्या विषयाकडे जरा पळत पळत जाऊ.

'पथेर पांचाली', 1955, आपल्याकडच्या स्वतंत्र सिनेमाचा आजोबाच म्हणा. पोर दुर्गा गेल्यावर बाप हरिहर घरी येतो, पोरीसाठी आणलेली साडी दाखवतो आणि आई सर्वजया कोसळते, तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य येतं, वरच्या पट्टीत, पटदीप रागातलं. संगीत रविशंकरांचं, ती तारशहनाई वाजवली दक्षिणामोहन ठाकूर यांनी. दिग्दर्शक सत्यजित राय यांनी आईचा आवाज काढून घेतला आणि वाद्याला दिला. मला कायम वाटतं की एवढ्या मोठ्या दुःखात त्या बाईला स्वतःचं रडणं ऐकू येत नसणार, तिच्या कानात असंच काहीतरी फाटत असणार.

'सैराट' काही छोटा सिनेमा नाही, त्याचं संगीत तर लॉस एंजेलिसला मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड झालेलं, पण शेवट आठवा. आवाजच काढून टाकलाय. समोर ते लहान पोर आहे. ती शांतता त्या पोराची आहे, त्याला अजून काही कळतच नाही, आणि एवढ्या गाण्यांनंतर आली म्हणून ती झेपत नाही.

'मसान', 2015. रेल्वे आणि पुलाचं ते गाणं, 'तू किसी रेल सी', भुसावळकरांना वेगळं सांगायला नको, तापीच्या पुलाखाली उभं राहून वरून गाडी जाताना ज्याने अंगावर थरथर घेतलीय त्याला ते लगेच कळतं. गीतकार वरुण ग्रोवरने त्यात हिंदी कवी दुष्यंत कुमारांची ओळ घेतली. पण ती ओळ तिथे का शोभते? कारण सिनेमातली शालू शायरीवेडी आहे. म्हणजे ज्या कवीची ती ओळ, त्याची पुस्तकं तिच्या कपाटात असणार. संगीत इंडियन ओशन या बँडचं, आणि प्रेम मात्र शालूच्या भाषेत.

बाहेरचं एकदोन सांगतो झटकन. 1967 च्या 'द ग्रॅज्युएट'च्या वेळी दिग्दर्शक माइक निकोल्सने एडिटिंग करताना सायमन आणि गारफंकेल या गायक जोडीची आधीच बाजारात आलेली गाणी तात्पुरती लावली, नंतर नवीन घालू म्हणून, पण मग ती काही निघेनात. एडिटिंगला बसलेल्या सगळ्यांना हा अनुभव असतो. 'जुनो', 2007, त्यातल्या मुख्य भूमिकेतल्या एलियट पेजनेच दिग्दर्शकाला गायिका किम्या डॉसनची गाणी सुचवली, सिनेमातली जुनो ही मुलगी काय ऐकत असेल याचं उत्तर ती भूमिका करणाऱ्याकडूनच आलं, आणि साध्या, घरगुती वाटणाऱ्या गाण्यांचा तो अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरला गेला.

आता कोणी म्हणेल, मग काय फक्त त्या-त्या गावाचंच संगीत वापरायचं का? नाही. वेस अँडरसनचा 'द दार्जिलिंग लिमिटेड' बघा, राजस्थानातली रेल्वे, आणि संगीत बरंचसं राय यांच्या सिनेमांतून उचललेलं, 'जलसाघर'मधलं विलायत खाँसाहेबांचं वगैरे, म्हणजे बंगालचं. खटकायला पाहिजे ना? मला नाही खटकत. कारण तो सिनेमा राजस्थानचा नाहीच, तीन अमेरिकन भावांचा आहे, आणि ज्यांनी भारत आधी पडद्यावर पाहिला अशांच्या कानातलं ते संगीत आहे. कान कोणाचा हे नक्की आहे. आणि आपल्या शेजारच्या पळसखेड्याच्या महानोरांनी 'जैत रे जैत'ची गाणी लिहिली, 1977, सिनेमा ठाकर आदिवासींचा, ते स्वतः ठाकर नव्हते, संगीतकार हृदयनाथ मंगेशकरही नव्हते, पण त्या माणसांसारखं ऐकायला ते दोघं बसले असणार हे प्रत्येक गाण्यात कळतं.

पैशांचं एक राहिलं, पोरं बसलीत म्हणून सांगतो. तयार गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, शब्द आणि चाल ज्यांची त्यांची एक, आणि रेकॉर्डिंग ज्यांचं त्यांची वेगळी. जुनं गाणं म्हणजे फुकट असं समजू नका, आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क 60 वर्षांनी संपतो पण कवी-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. म्हणून छोट्या सिनेमावाल्याला मोठं गाणं परवडत नाही, आणि मग तो शोधायला लागतो, कोण नवीन गातंय, कोणाची कॅसेट पडून आहे, कोणाचं गाणं फक्त एका तालुक्यात माहीत आहे. ही ओढ, जी पत्रिकेवर छापलीय, ती मला वाटतं इथून येते. शोधून आणलेल्या वस्तूवर शोधणाऱ्याचा जीव असतो, तो आपल्यालाही कळतो, सिनेमा संपल्यावर आपण घरी जाऊन ते गाणं परत लावतो आणि तो माणूस, ती जागा आपल्या खोलीत येऊन बसते. आणि गाणी कमी असतात म्हणून प्रत्येक लागतं. 'कोर्ट'मध्ये तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, लक्षात राहतात ती गाणी शाहीर मंचावर उभा राहून गातो ती, संभाजी भगतांची, आणि तिथे तर गाण्यावरच खटला चाललाय, म्हणजे ते गाणं आपल्याइतकंच पोलिसांच्या कानातलंही आहे!

बास, उठायची खूण झाली. जाता जाता एक काम सांगतो. त्याच रावेरच्या पोरांच्या पुढच्या फिल्ममध्ये लग्नघरातली हळदीची रात्र आहे. कोणाच्या मोबाईलमध्ये आपल्या घरच्या बायांनी म्हटलेली हळदीची गाणी असतील, मागे भांडी वाजतायत, पोरं रडतायत, तरी चालेल, तसंच पाहिजे, तर मला जेवणाच्या रांगेत गाठा. गाणाऱ्या बाईला आधी विचारून या, तिचं नाव-गाव कागदावर लिहून द्या, फिल्ममध्ये ते येईल, मानधनाचं मी पोरांशी बोलतो.