सातशे टन माल, एक फट, आणि थांबायचं कसं

समोर जे सावकाश गोल फिरतंय ना ते एलीट डेंजरस या अंतराळातल्या गेममधलं कोरिओलिस स्टेशन, आणि त्याच्या सपाट तोंडावर मधोमध उजेडाची आडवी फट दिसतेय तिला सगळे प्लेअर मेल स्लॉट म्हणतात, आणि आत्ता आपल्याला तिच्यातून टाइप नाइन हेवी आत घालायचंय. टाइप नाइन म्हणजे या गेममधलं मालवाहू धूड, लांबी-रुंदी दोन्ही शंभर मीटरच्या वर, पोटात सातशे टनांपेक्षा जास्त माल, आणि वळायला सांगितलं की आधी विचार करतं मग वळतं.

हा खेळ तसा जुना आहे. पहिला एलीट आला १९८४ मध्ये, बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी बनवलेला, नुसत्या रेषांची जहाजं आणि रेषांचंच स्टेशन, पण तेही फिरायचं आणि त्याच्याबरोबर आपणही फिरून फटीत घुसायचं, जमलं नाही तर जहाज खल्लास. डॉकिंग कॉम्प्युटर, म्हणजे जहाज आपोआप स्टेशनात नेऊन लावणारं यंत्र, तेव्हाही विकत मिळायचा, किंमत १,५०० क्रेडिट, आणि सुरुवातीला खिशात असायचे १००. म्हणजे ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज तो नवखा माणूस, त्यालाच तो परवडायचा नाही. याला डिझाइन म्हणा नाहीतर खट्याळपणा म्हणा, पण डॉकिंग शिकल्याशिवाय सुटका नव्हती एवढं खरं.

एलीट डेंजरस २०१४ च्या डिसेंबरात आला आणि फट तीच राहिली, जहाजं मात्र वाढली. ॲनाकोंडा, फेडरल कॉर्व्हेट, इम्पीरियल कटर, बेलुगा लायनर, ही सगळी मोठ्या पॅडवरच, म्हणजे उतरायच्या मोठ्या चौथऱ्यावरच, उतरणारी. लहान आउटपोस्टवर मोठं पॅडच नसतं, त्यामुळे तिकडचा विषयच संपला.

आता हाताने डॉकिंग. साडेसात किलोमीटरच्या आत आलं की परवानगी मागायची, मिळाली की पॅडचा नंबर मिळतो आणि दहा मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. स्पीड १०० च्या खाली ठेवायचा, मीटर पर सेकंद हं, कारण त्याच्या वर असताना कुणाला धडकलात तर दंड तुमच्या नावावर. फटीच्या दोन टोकांना हिरवे आणि लाल दिवे असतात, आत जाताना हिरवे आपल्या उजव्या हाताला, बाहेर येणारा त्याच्या उजव्या हाताला, हा नियम सगळे पाळतात असं नाही पण मोठ्या जहाजाने तरी पाळावा, कारण दोन टाइप नाइन समोरासमोर आले तर एकाला मागेच व्हावं लागतं. आणि फटीत अडकून बसलात तर स्टेशन आधी वॉर्निंग देतं आणि नंतर सरळ गोळ्या घालतं.

रुंदीला सगळे घाबरतात पण खरी गंमत उंचीची आहे. टाइप नाइनमध्ये आपण बसतो वरच्या बाजूला, जहाजाचा बराचसा भाग आपल्या पायाखाली, त्यामुळे फटीच्या बरोबर मध्यावर नजर धरून गेलात की पोट खालच्या काठाला घासतं. नजर फटीच्या वरच्या काठाकडे ठेवायची, छत डोक्याला लागतंय की काय असं वाटेपर्यंत. तसं वाटायला लागलं म्हणजे बरोबर चाललंय.

आत शिरलं की स्टेशनबरोबर फिरण्याचं काम रोटेशनल करेक्शन करतं, हा ऑप्शन चालू ठेवा, बंद ठेवण्यात काही शौर्य नाही. मग आपला नंबर शोधायचा, लँडिंग गिअर खाली करायचं, गिअर खाली आला की स्पीड आपोआप कमी होतो आणि थ्रॉटलही हलक्या हाताने चालतो. रडारच्या जागी पॅडचं चित्र येतं, त्यावर आपल्या जहाजाचा छोटा आकार, आणि मग इंच इंच पुढे-मागे, नाक कुठल्या दिशेला हेही पॅडच ठरवतं.

आता इम्पीरियल कटर घ्या. सरळ रेषेत सुसाट पळतो, पण नाक वळवलं तरी जहाज आधीच्याच दिशेला घसरत राहतं, कारण वजन भरपूर आणि आडवी घसरण थांबवणारे थ्रस्टर त्या मानाने कमजोर. घसरण आपोआप सावरणारा फ्लाइट असिस्ट चालू असूनही. मोठ्या जहाजात जो अडकतो तो आकारामुळे नाही अडकत, थांबायला उशीर करतो म्हणून अडकतो. फटीपाशी येऊन ब्रेक मारायचा नसतो, ब्रेक दोन किलोमीटर आधी मारायचा असतो.

आणि ही गोष्ट फक्त गेममधली नाही. २५ जून १९९७, रशियाचं मीर अंतराळ स्टेशन. प्रोग्रेस नावाचं मालवाहू यान, साधारण सात टनांचं, त्यात माणूस नाही, आणि स्टेशनवर बसलेला कमांडर वसिली त्सिब्लियेव ते टीव्हीच्या पडद्यावर बघून रिमोटने हाताळतोय. ही हाताने डॉक करायची टेस्ट होती, ऑटोमॅटिक सिस्टीमचा रडार मुद्दाम बंद ठेवलेला. अंतर किती, वेग किती, हे कॅमेऱ्यातल्या चित्रावरून ठरवायचं. यान अपेक्षेपेक्षा जोरात येतंय हे कळेपर्यंत ब्रेक लावूनही उपयोग नव्हता, ते साधारण ३ मीटर पर सेकंदने स्पेक्टर मॉड्यूलवर आदळलं, मॉड्यूलला भोक पडलं, हवा जायला लागली, आणि आतल्या तिघांनी केबल तोडून-काढून तो भाग बंद केला म्हणून बाकीचं स्टेशन वाचलं. ३ मीटर पर सेकंद! गेममध्ये आपण १०० ला आत घुसतो आणि शील्डचं थोडं नुकसान झालं की हळहळतो.

माणूस की मशीन हा वाद खऱ्या अंतराळातही पहिल्यापासून आहे. पहिलं डॉकिंग झालं मार्च १९६६ मध्ये, अमेरिकेचं जेमिनाय ८ यान, नील आर्मस्ट्राँगच्या हातून. पहिलं पूर्ण ऑटोमॅटिक झालं पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात, सोव्हिएत कॉसमॉस १८६ आणि १८८, दोन्हीत माणूस नाही. दोन्ही जमतं हे सुरुवातीच्या दीड-दोन वर्षांतच सिद्ध झालंय, भांडण उरलंय ते आवडीचं.

डेंजरसमधला डॉकिंग कॉम्प्युटर वापरायला सोपा आहे, परवानगी मिळाली की थ्रॉटल शून्यावर आणायचा, बस्स, तो ताबा घेतो आणि ब्लू डॅन्यूबचा वॉल्ट्झ वाजायला लागतो. थ्रॉटल पुढे केला की ताबा परत आपल्याकडे. हाताने उतरणारे लोक त्याला नावं ठेवतात, हळू आहे, कंटाळवाणा आहे, जागा खातो. जागेचा हिशोब करूया. तो बसतो सगळ्यात लहान, क्लास वनच्या खणात, तिथे कार्गो रॅक लावला असता तर दोन टन माल बसला असता. सातशे टनांत दोन टन! आणि हे दोन टन वाचवायला जे लोक शील्डसुद्धा काढून टाकतात त्यांची एकच टक्कर त्यांना त्यापेक्षा महाग पडते.

पण त्याला एक गोष्ट अजिबात कळत नाही, कुठून यायचं ते. स्टेशनची फट ज्या ग्रहाभोवती ते फिरतं त्या ग्रहाकडे तोंड करून असते, त्यामुळे सुपरक्रूझमधून, म्हणजे ग्रहांमधल्या सुसाट प्रवासातून, ग्रहाच्या बाजूने आलात तर बाहेर पडताच फट समोर. उलट्या बाजूने आलात आणि कॉम्प्युटरला सोपवलं, की तो बिचारा अख्ख्या स्टेशनला वळसा घालत बसतो आणि तुम्ही वॉल्ट्झ ऐकत बसता. तो हळू नाही हो, त्याला उलट्या बाजूला आणून सोडणारे आपणच.

२०२५ मध्ये सिस्टीम कॉलनायझेशन, म्हणजे नव्या ठिकाणी वस्ती उभारणं, गेममध्ये आलं आणि हजारो टन माल ओढायची कामं निघाली, तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली: ग्रहाच्या बाजूने स्वतः यायचं, नाक फटीवर धरायचं, मग थ्रॉटल शून्य. फ्लीट कॅरिअरवर, म्हणजे प्लेअरच्या मालकीच्या अवाढव्य तळ-जहाजावर, मात्र हातानेच, ते फिरतच नाही आणि वर आठ मोठी पॅडं उघड्यावर पसरलेली, तिथे कॉम्प्युटरची वाट बघण्यात अर्थ नाही. निघताना ॲडव्हान्स्ड डॉकिंग कॉम्प्युटर असेल तर तो जहाज उचलून फटीतून बाहेरही नेतो, तेवढ्यात पुढच्या स्टेशनचा रूट लावून होतो, आणि परत येताना नजर फटीच्या वरच्या काठावर ठेवा म्हणजे झालं.