आधी एकच खोली

नमस्कार मंडळी. मागे आवाज पोचतोय ना? नसेल तर हात वर करा, मी जोरात बोलते.

मला विषय दिलाय भटकं मांजर दत्तक घेण्याचा. आता खरं सांगू का, घेणं अवघड नसतंच. एक दिवस ते जिन्यात दिसतं, मग दारात येतं, मग तुम्ही त्याच्यासाठी काहीतरी खायला बाजूला काढायला लागता आणि आठवड्याभरात ते घरात असतं. अवघड आहे ते त्याच्या पुढचं, म्हणजे ते बरं होणं आणि घरात रुळणं, आणि मी आज मुख्यतः त्यावरच बोलणार आहे कारण तिथेच माणसं हिंमत सोडतात आणि मांजर परत रस्त्यावर जातं.

माझी ठमी चार वर्षांपूर्वी आली. जिन्याखाली बसलेली, गालावर लिंबाएवढी सूज, एक डोळा अर्धवट मिटलेला, पाठीचा कणा हाताला मण्यांसारखा लागायचा. मी टॉवेलमध्ये गुंडाळून आणली आणि काय केलं, तर आनंदाच्या भरात अख्खं घर तिला मोकळं करून दिलं, वाटीभर दूध ठेवलं आणि आम्ही चौघं तिच्याभोवती गोळा झालो. ती जी कपाटामागे गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलीच नाही. दूध रात्री कधीतरी प्यायली आणि सकाळी जुलाब. आधीच अंगात पाणी नाही, त्यात जुलाब. तिच्या अंगात बळ किती कमी होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

काय होतं बघा, आपल्याला वाटतं आपण तिची सुटका केली. तिला वाटतं की ती पकडली गेलीये. तिच्या दहापट मोठ्या प्राण्याने तिला उचललं, कोंडलं, आता ओळखीचा एक वास नाही, पळायची वाट माहीत नाही, आणि त्यात अंग दुखतंय. हे एकदा डोक्यात शिरलं ना की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात, त्या कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

आता डॉक्टरांबद्दल. पहिल्या एकदोन दिवसांतच दाखवा, आणि दाखवाल तेव्हा चिप स्कॅन करायला सांगा, कारण ते मांजर कुणाचं तरी हरवलेलं असू शकतं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेजवळ कातडीखाली असते, तिचा साधारण १५ आकडी नंबर स्कॅनरवर दिसतो, दुखत वगैरे काही नाही. कानसुद्धा बघा. एका कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर ती जखम नसते, त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय याची ती खूण असते.

ठमीच्या गालावर गळू होतं. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक असतो, दुसऱ्या मांजराने चावलं की वरचं भोक एका दिवसात बुजतं आणि आत गेलेले जंतू आतच राहतात, मग दोनचार दिवसांनी सूज, पू, ताप. मांजराचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप असं समजू नका, मोजावंच लागतं. गळू घरी पिळायचं नाही. डॉक्टर ते उघडतात, धुतात, अँटिबायोटिक देतात, आणि पू गेल्यावर ते मांजर ज्या पद्धतीने झोपतं ना, तेव्हा कळतं की इतके दिवस ते धड झोपलंच नव्हतं.

चावण्याचं निघालंच आहे तर हेही सांगते. आणताना तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं तर "एवढंसंच तर आहे" म्हणून सोडू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरकडे जायचं. रेबीजची शंका असेल तिथे थांबून बघण्याचा प्रश्नच येत नाही, आणि रेबीज नसला तरी मांजराचा चावा खोल जातो आणि लवकर पिकतो.

मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारे दोन व्हायरस आहेत, एफआयव्ही आणि एफईएलव्ही, त्यांची टेस्ट थेंबभर रक्तावर होते. एफआयव्ही मुख्यतः भांडणातल्या खोल चाव्यातून जातो, एफईएलव्ही लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून, एका भांड्यात खाण्यातूनही. माणसाला दोन्ही होत नाहीत. आणि ताजी लागण टेस्टमध्ये लगेच दिसतेच असं नाही म्हणून साधारण ६० दिवसांनी परत करायला सांगतात. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, एफआयव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून मांजर परत सोडू नका. घरात राहून, वेळेवर उपचार घेऊन अशी मांजरं वर्षानुवर्षं चांगली जगतात.

औषधाचं मात्र हात जोडून सांगते. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही, अर्धीसुद्धा, नाही. आपलं लिव्हर ते औषध ज्या मार्गाने बाहेर काढतं तो मार्ग मांजराकडे जवळजवळ नाहीच, मग रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, आणि एका गोळीत जीव जाऊ शकतो. माणसं प्रेमानेच देतात, ताप आलाय बिचारीला म्हणून. तसंच पिसवांचं. कुत्र्यांच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला लावलं की झटके येतात. मांजराचं म्हणूनच आणि वजन करूनच घ्या. आणि फक्त मांजराला औषध लावून पिसवा जात नाहीत कारण त्यांची अंडी-अळ्या अंथरुणात, फरशीच्या फटीत पडलेल्या असतात, तेव्हा अंथरूण गरम पाण्यात धुणं आणि रोज झाडणं आलंच. लहान पिल्लाच्या अंगावर खूप पिसवा असतील आणि हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर मात्र उद्यावर ढकलू नका, पिसवा इतकं रक्त पितात की पिल्लं त्याने जातात.

जंताचं औषध, लशी, ते डॉक्टर सांगतीलच, मी त्यात वेळ घालवत नाही.

आता खाणं. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपण म्हणतो आणि तेच आपल्या डोक्यात बसलंय, पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही. पाणी द्या. आणि उपाशी मांजराला बघून आपला हात सैल सुटतो, पुढ्यात ढीग ठेवतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली येतं आणि मांजर खाऊनसुद्धा कोसळतं. अगदी हाडाची काडी झालेलं मांजर असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं, दिवसातून पाचसहा वेळा.

याच्या उलटही तितकंच धोक्याचं आहे. मांजराने दोनतीन दिवस काहीच खाल्लं नाही तर शरीर चरबी मोडून लिव्हरकडे पाठवतं आणि लिव्हरला ती झेपत नाही, तिथेच साठते. जाड मांजराला हा धोका जास्त. म्हणून "भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत चालत नाही, पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर फोन करा. बरेचदा कारण नाक असतं. भटक्या मांजरांमध्ये सर्दी फार, आणि मांजर वासावर खातं, वास नाही तर अन्न नाही. अन्न किंचित कोमट करून ठेवलं, नाक ओल्या कापसाने पुसलं की तेवढ्यावरही काही मांजरं खायला लागतात. या सर्दीतला एक हर्पिस व्हायरस असतो जो शरीरातून कधीच पूर्ण जात नाही, ताण आला की डोकं वर काढतो, त्यामुळे घरी आणल्यावर आठवड्याने शिंका सुरू झाल्या तर घाबरू नका, पण डोळा बंद ठेवत असेल तर दाखवा.

आणि मांजर शाकाहारी करू नका हो. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते प्राण्यांच्या मांसात असतं आणि त्याचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय सैल पडतं, आणि बरीच मांजरं टॉरिन दिल्यावर सुधारली. त्यानंतर मांजराच्या तयार खाण्यात ते वाढवलं गेलं.

आता खोली. हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. एकच खोली द्या, लहान असेल तर उत्तमच, बाथरूमसुद्धा चालते. आपल्याला वाटतं कोंडतोय, पण तिला अख्खं घर म्हणजे शंभर ठिकाणं जिथून कुणीही येऊ शकतं. एका खोलीचा वास घेऊन होतो, कोपरे तपासून होतात, मग ती तिची होते. आत लपायला जागा द्या, आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका, दोन बाजूंनी उघडा. लपायला दिलं की ती लपूनच बसेल असं लोकांना वाटतं, पण लपायची सोय असलेली मांजरं उलट लवकर शांत होतात. लिटर ट्रे, म्हणजे शी-शूचा ट्रे, खाण्यापाण्यापासून लांब. अंथरूण रोज धुवू नका, तिचा स्वतःचा वास त्यात राहू दे, तो एकच ओळखीचा वास आहे तिच्याकडे.

मग तुम्ही काय करायचं? आत जाऊन जमिनीवर बसायचं, थोडं तिरकं, तिच्याकडे टक लावून न बघता, आणि काहीतरी वाचायचं, मोठ्याने वाचलं तरी चालेल. हात पुढे करायचा नाही. मी रोज अर्धा अर्धा तास दोनदा बसायचे. पहिले चार दिवस ती खोक्यातून फिस्कारायची. फिस्कारणं म्हणजे राग नाही, "लांब राहा, मला भांडायचं नाहीये" असं ती सांगत असते आणि ते ऐकलं की तिला कळतं, या माणसाला सांगितलेलं समजतं. नजरानजर झालीच तर डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे. यावर २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी प्रयोग केले होते, माणसाने असे डोळे मिटले तर मांजरंही डोळे बारीक करतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ जायला जास्त तयार होतात असं निघालं. ठमीने सहाव्या दिवशी केलं. मी तशीच बसून रडले होते, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी चिठ्ठी पाठवलीये, "आमचं मांजर तीन महिने झाले तरी हात लावू देत नाही, आमचं काय चुकतंय?" ताई, बहुधा काहीच नाही. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागायचा खरा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतो. त्या काळात ज्याला माणसाचा हात लागला ते मोठेपणी भटकलं तरी परत जवळ येतं. ज्याला लागलाच नाही त्याला फार वेळ लागतो, काही जणं कधीच मांडीवर येत नाहीत, तरी घरात निर्धास्त राहतात. लोक सांगतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने, म्हणजे भीती जायला, रोजची सवय व्हायला आणि घर आपलं वाटायला, ते ढोबळ म्हणून ठीक आहे. तुमचं मांजर तुम्ही खोलीत असताना खातं का? तुमच्यासमोर अंग चाटतं का? मग ते पुढे सरकतंय.

फक्त एक बघा, ते दुखतंय म्हणून तर हात लावू देत नाही ना. मांजर दुखणं लपवतं, आणि घुरघुरतंय म्हणजे खूशच आहे असंही नाही, दुखत असतानाही घुरघुरतं. २०१९ मध्ये माँट्रियल विद्यापीठात मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची पद्धत बसवली गेली, कान बाहेर वळलेले, डोळे बारीक, तोंडाची ठेवण ताणलेली, मिशा ताठ, डोकं खांद्याच्या रेषेखाली. आणि बोका असेल, ट्रेमध्ये सारखा बसतोय पण शू होत नाहीये, तर रात्र असली तरी त्याच वेळी न्या, शूची नळी बंद झाली की एकदोन दिवसांत जीव जातो.

घरात आधीचं मांजर असेल तर किमान दोन आठवडे वेगळं, मग आधी अंथरुणांची अदलाबदल, दाराच्या दोन बाजूंना जेवण, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. नसबंदीचं ऑपरेशन अंगात ताकद आली की लगेच करून घ्या, मांजरी चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. खिडक्यांना जाळी. हे सगळं पटपट सांगतेय पण यातलं काही कमी महत्त्वाचं नाही.

ठमी कधी रुळली असं मला बरेच जण विचारतात. मांडीवर यायला तिला पाच महिने लागले, पण मी ते धरत नाही. सुरुवातीला ती कायम भिंतीला पाठ लावून खायची, घास घेतला की मान वर, दाराकडे नजर. साधारण अकराव्या आठवड्यात एकदा मी भांडं सरकवलं आणि ती माझ्याकडे पाठ करून, शेपूट जमिनीवर सैल सोडून, मान खाली घालून शेवटपर्यंत खात राहिली. मागून कोण येतंय ते तिने बघितलं नाही.

तर मी येताना कॅरियर आणलाय, वरून उघडणारा. घाबरलेल्या मांजराला पुढच्या दारातून ओढून काढावं लागत नाही, झाकण काढून तसंच तपासता येतं, आणि घरी तो कायम उघडा ठेवला, आत अंथरूण टाकलं की मांजर त्यात झोपायला लागतं. क्लिपा जरा घट्ट आहेत, कशा काढायच्या ते बघायचं असेल त्यांनी पुढे या, मी दाखवते.