दोन वर्षांची नर्स

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या इंदूरच्या सुदामानगरातल्या एका परिचित घरी पेढे वाटले गेले, कारण त्यांची मुलगी मेलबर्नला 'इन्रोल्ड नर्स' म्हणून कामावर रुजू झाली होती. पेढा माझ्या हातावर ठेवताना तिच्या आजींनी आवाज खाली आणून विचारले, "सिस्टर, म्हणजे ही अर्धीच नर्स ना हो?" मी स्वतः एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका व प्रसविका, म्हणून सुरुवात केली आणि त्यानंतर ३४ वर्षे वॉर्डात काढली, तरीही आजींना त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज, थोडे सविस्तर, द्यावे असे वाटते.

'इन्रोल्ड' या शब्दाचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. तेथे १९१९च्या कायद्याने परिचारिकांचे अधिकृत रजिस्टर सुरू झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकांचा तुटवडा पडला, तेव्हा पूर्ण शिक्षण न झालेल्या, पण रुग्णांची सेवा प्रत्यक्षात करणाऱ्या स्त्रियांची दखल घेणे भाग पडले आणि १९४३च्या कायद्याने त्यांच्यासाठी 'रोल' नावाची वेगळी यादी उघडली गेली. रजिस्टरात नाव असलेली ती रजिस्टर्ड आणि रोलवर नाव असलेली ती इन्रोल्ड, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. ब्रिटनने हा दर्जा नंतर बंद केला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूर येथे तो आजही आहे. ऑस्ट्रेलियात त्यासाठी साधारण दीड ते दोन वर्षांची नर्सिंगची पदविका घ्यावी लागते, त्यात किमान ४०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत काढावे लागतात आणि मग तेथील राष्ट्रीय मंडळाकडे नोंदणी होते. ही नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते व त्यासाठी वर्षाला किमान २० तासांचे पुढील शिक्षण बंधनकारक आहे. काम मात्र रजिस्टर्ड नर्सच्या देखरेखीखाली करायचे असते.

आपल्याकडे याला हुबेहूब जोड नाही. जवळात जवळचा अभ्यासक्रम एएनएमचा. बारावी झालेल्या मुलीला तो दोन वर्षांत पूर्ण करता येतो. त्यावर तीन वर्षांचे जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग व मिडवाइफरीची पदविका, आणि चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग. एएनएम झालेली मुलगी परदेशात थेट इन्रोल्ड नर्स होते असे कोणी एजंट सांगत असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्या देशाच्या नर्सिंग मंडळाचे नियम स्वतः वाचावेत. तेथे प्रत्येकीच्या शिक्षणाची स्वतंत्र छाननी होते.

आता आजींच्या 'अर्ध्या'कडे येते. एएनएमचे शिक्षण मुळात गावातले सरकारी आरोग्य उपकेंद्र डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहे. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आणि त्या उपकेंद्रात लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण, नवजात बाळाची काळजी. त्या कामात ती अर्धी नसते. पुष्कळदा त्या गावापुरती तीच सर्व काही असते. परंतु इंदूरसारख्या शहरात यांतल्या कितीतरी मुली खासगी नर्सिंग होमच्या वॉर्डात काम करू लागतात आणि तेथे त्यांना आपल्या अधिकाराची सीमा कोणी धड सांगत नाही. माझ्या मते या नोकरीत पुढे जायचे असेल तर पहिली गोष्ट शिकायची ती हीच सीमा: काय आपण करायचे, काय विचारून करायचे, आणि काय सांगितले तरी करायचे नाही.

माझ्या पहिल्या वर्षातली एक रात्र सांगते. त्या काळी, आणि ऐकते की अजूनही, टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात सगळ्या रुग्णांपुढे एकच आकडा लिहिण्याची वाईट सवय होती: १८, १८, १८. नाडी मोजली जाई, ताप पाहिला जाई. श्वास मात्र कोणी मोजत नसे. पोटाचे ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या एका बाईंचा श्वास मी, निव्वळ नवखेपणामुळे, पूर्ण मिनिटभर मोजला. तो २८ भरला, म्हणजे नेहमीपेक्षा बराच जास्त. ताप नव्हता, बीपी ठीक होते, आणि बाई नुसते "म्हारो जी घबरावे" एवढेच म्हणत होत्या. माळव्यातली माणसे ढेकर अडला तरी हेच म्हणतात आणि हृदयविकाराचा झटका आला तरी हेच म्हणतात, हे आपल्या मराठी मुलींनी लक्षात ठेवावे. मी ड्यूटीवरच्या स्टाफ नर्सला सांगितले. त्या दुसऱ्या रुग्णात गुंतलेल्या होत्या. मी वेळ लिहून ठेवली, वीस मिनिटांनी पुन्हा मोजला, तो ३२ झाला होता, आणि पुन्हा जाऊन सांगितले. या वेळी डॉक्टर आले. निदान त्यांनी केले, औषध स्टाफ नर्सनी दिले. माझ्या वाट्याला आले ते मोजणे, लिहिणे आणि दुसऱ्यांदा सांगण्याची भीड मोडणे. दोन वर्षांच्या शिक्षणात एवढे नक्कीच बसते.

याउलटचाही अनुभव आहे. एका खासगी ठिकाणी मला रात्री चौदा रुग्णांवर एकटीला ठेवले जाई आणि शिरेतून द्यायची औषधे "सिस्टर, तुम्हीच देऊन टाका" असे फोनवर सांगितले जाई. ना लेखी आदेश, ना कोणी वर पाहणारे. शिवाय माझी मूळ प्रमाणपत्रे त्यांच्या कपाटात. नोकरी सोडल्यावर ती मिळवायला मला तीन महिने खेपा घालाव्या लागल्या. म्हणून सांगते, मूळ कागद दाखवावेत, सोबत न्यावेत आणि सोबतच परत आणावेत; ठेवायला द्यायच्या त्या प्रतीच.

कागदांविषयीच आणखी थोडे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने कोणी नर्स होत नाही. राज्याच्या नर्सेस नोंदणी परिषदेत, आपल्यासाठी भोपाळला, नाव चढले की होते. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीबीआयकडून महाविद्यालयांची तपासणी झाली आणि त्या साऱ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षीची मान्यता तपासावी आणि महाविद्यालयाला संलग्न रुग्णालय किती खाटांचे आहे, तेथे रुग्ण खरोखर असतात का, हे एकदा दुपारच्या वेळी स्वतः जाऊन पाहावे. रंगीत माहितीपत्रकात खाटा दिसतात, रुग्ण दिसत नाहीत.

पगाराबाबत मुली संकोच करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, ५०पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली हे खरे, पण बोलणी करताना हा आकडा माहीत असलेला बरा.

पुढची वाट लांब आहे, बंद नाही. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो, जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी, त्यानंतर एमएस्सी. मी जीएनएम केले तेव्हा एकतीस वर्षांची होते, घरी चार वर्षांचा मुलगा होता आणि वर्गातल्या मुली मला काकू म्हणत. मेलबर्नच्या त्या मुलीलाही पदवीला प्रवेश घेऊन रजिस्टर्ड नर्स होता येईल, आणि पदविकेमुळे अभ्यासक्रमाचा काही भाग तिला बहुधा माफ होईल. हे मी तिच्या आजींना परवा सांगून आले.

ज्या मुली येत्या सत्रात पहिल्यांदा वॉर्डात पाऊल टाकणार आहेत त्यांनी सेकंदकाटा असलेले एक साधे घड्याळ आजच घेऊन ठेवावे. श्वास मोजताना एक हात रुग्णाच्या मनगटावर, नाडी मोजत असल्यासारखा, राहू द्यावा. कारण आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणूस तो बदलतो.

नमस्कार.