दुखतंय, पण सोसवतंय

श्रोतेहो, नमस्कार.

मॉर्फिन या अफूतून मिळणाऱ्या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिल्यावर काही रुग्ण सांगतात, "दुखतंय, पण आता त्याचा त्रास होत नाही." वेदना कळते, पण ती छळत नाही. हे कसं घडतं, ते आज पाहू.

जखमेकडून निघालेली वेदना बारीक नसांमधून मज्जारज्जूच्या मागच्या भागात येते. इथे एक पेशी पुढच्या पेशीला ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी या रसायनांमार्फत निरोप देते. दोन्ही पेशींवर म्यू रिसेप्टर असतात, म्हणजे ठरावीक रसायनांनाच बसता येईल अशा जागा; मॉर्फिन तिथे जाऊन बसतं. मग निरोप देणाऱ्या पेशीत कॅल्शियम शिरणं कमी होतं, आणि कॅल्शियमवाचून रसायनं सुटत नाहीत. निरोप घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती सहजासहजी उत्तेजित होत नाही. म्हणूनच मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेट सोडलेलं मॉर्फिन शिरेतून द्यायच्या मात्रेच्या अगदी लहान अंशाएवढंही पुरतं.

मेंदूतलं काम मला याहून थक्क करतं. मध्यमेंदूत वेदना दाबणारी यंत्रणा मुळातच आहे. एरवी गाबा हे रसायन सोडणाऱ्या पेशी तिला आवरून धरतात. मॉर्फिन या आवरणाऱ्या पेशींनाच गप्प करतं! यंत्रणा मोकळी होते आणि वेदना अडवण्याचा हुकूम खाली मज्जारज्जूपर्यंत जातो. वेदनेतला छळ ज्या भागांत जाणवतो, तिथेही हे रिसेप्टर भरपूर आहेत.

अफूतल्या द्रव्यासाठी शरीरात जागा का असावी? हे रिसेप्टर १९७३ मध्ये सापडले. १९७५ मध्ये अॅबरडीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारं एन्केफॅलिन शोधलं. रिसेप्टर आपल्या स्वतःच्या वेदनाशामकांसाठीच होते.

पण श्वासाचा ताल राखणाऱ्या पेशींवरही हेच रिसेप्टर आहेत. मात्रा जास्त झाली, किंवा सोबत दारू वा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर श्वास थांबू शकतो. अशा वेळी नॅलोक्सोन हे औषध मॉर्फिनला रिसेप्टरवरून हटवतं. या औषधांची सवयही लागू शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची आणि बंदही त्यांच्याच सल्ल्याने, हळूहळू करायची.

तरीही, कॅन्सरच्या असह्य वेदनेत तळमळणाऱ्या माणसाला केवळ भीतीपोटी मॉर्फिन नाकारणं मला क्रूर वाटतं. घरात कुणाला ते सुरू होत असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना रेचकाबद्दल विचारा. आतड्यातही हेच रिसेप्टर असतात. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते.