तिची आज तारीख आहे

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरून अंधारातच निघालेली जीप सातपुड्याचा घाट उतरून शहाद्याला येते, तिथून एसटी मिळते, प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडली जाते आणि नंदुरबारच्या बसस्थानकावर उतरेपर्यंत ऊन चांगलेच चढलेले असते. अकरा वर्षांच्या मुलीचा हात धरून चालणाऱ्या वडिलांच्या पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, एक चादर आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल आहे. कुठे निघालात, असे कोणी विचारले तर ते एवढेच सांगतात, ‘तिची आज तारीख आहे.’ ही तारीख दर चार आठवड्यांनी येते.

मुलीला सिकलसेल आहे. आई आणि वडील दोघेही वाहक आहेत. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण दोघांकडूनही सदोष जनुक तिच्या वाट्याला आले. त्यामुळे तिच्या तांबड्या पेशींमधले हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटते आणि गोल, लवचीक पेशी विळ्याच्या पात्यासारखी वाकडी व ताठर होते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा ते वीस दिवसांतच फुटते. आणि फुटण्याआधी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकून बसते.

सिकल आहे म्हणजे रक्त लावावेच लागते, असा समज अनेक घरांत आहे आणि तो दूर होणे आवश्यक आहे. अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन सात-आठच्या आसपास स्थिर असते आणि शरीराने ते सवयीचे करून घेतलेले असते. अंग दुखायला लागले की भरपूर पाणी, ऊब आणि वेदनाशामक औषध यांची गरज असते. नुसत्या दुखण्यासाठी रक्त लावत नाहीत. रोज घ्यायची हायड्रॉक्सियुरियाची गोळी ही दुखणी कमी करते. नियमित रक्ताची वेळ येते ती काही रुग्णांवर, आणि ही मुलगी त्यांच्यापैकी एक आहे. सात वर्षांची असताना जेवता जेवता तिच्या डाव्या हातातली वाटी गळून पडली आणि तोंड एका बाजूला ओढले गेले. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अडली होती.

पक्षाघाताचा असा एक झटका येऊन गेलेल्या मुलाला दुसरा येण्याचा धोका फार मोठा असतो. झटका येण्याआधीच धोका ओळखण्याची सोयही आता आहे. डोक्याच्या सोनोग्राफीत मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आढळलेल्या मुलांना नियमित रक्त दिले, तर पहिल्या झटक्याचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी घटतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासाने १९९८ साली दाखवले; आणि रक्त देणे मध्येच थांबवले तर धोका परत येतो, हे २००५ साली त्याच्याच पुढच्या अभ्यासातून दिसले. म्हणून तारखेला एवढे महत्त्व आहे. इथे हेतू केवळ हिमोग्लोबिन वाढवण्याचा नसतो. दात्याच्या पेशी मिसळून विळ्याच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली ठेवायचे असते, आणि तेही एकूण हिमोग्लोबिन दहाच्या फारसे वर जाऊ न देता, कारण रक्त दाट झाले तर तेच पुन्हा वाहिन्या अडवते.

पहिल्या वेळी वडिलांनी रक्तपेढीत स्वतःचा हात पुढे केला होता. ‘माझेच घ्या,’ असे ते म्हणाले होते. वाहकाच्या रक्तातही विळ्याचे हिमोग्लोबिन असते, त्यामुळे ते सिकलच्या रुग्णाला देत नाहीत, हे त्यांना समजावून सांगावे लागले. बापाला हे ऐकणे किती जड गेले असेल, हे वेगळे सांगायला नको. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची वस्त्यांमध्ये वाहकांचे प्रमाण मोठे असल्याने तिच्यासाठी येणारी प्रत्येक पिशवी सिकलसाठी तपासावी लागते. ही पिशवी दिली कोणी, हे त्या घराला कधीच कळत नाही.

आता वॉर्डातली सिस्टर तिचा हात कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवते, कारण इतक्या वेळा सुई टोचल्यावर शीर सहज सापडत नाही. दोन सिस्टर मिळून पिशवीवरचा क्रमांक, गट आणि मुदत मोठ्याने वाचतात व मुलीचे नाव तिच्याच तोंडून वदवून घेतात. पहिली पंधरा मिनिटे थेंब अगदी हळू पडतात. थंडी, खाज, कंबरदुखी यांपैकी काही जाणवते का, हे सिस्टर शेजारी उभी राहून विचारते. पिशवी चार तासांच्या आत संपवायची असते. मुलगी नळीतल्या थेंबांकडे पाहत नाही. ती चादरीचे टोक डाव्या हाताच्या बोटांनी दुमडते आणि उलगडते. तिला तो व्यायाम सांगितलेला आहे.

उपचाराची किंमतही शरीरच मोजते. एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह शरीराबाहेर जात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठत राहते, म्हणून तिला लोह बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्सची गोळी रोज पाण्यात मिसळून रिकाम्या पोटी घ्यावी लागते. शिवाय परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. तसे झाले की पुढची जुळणारी पिशवी मिळणे कठीण होते. ए, बी, ओ आणि आरएचडी एवढे जुळवून भागत नाही. सी, ई आणि केल हे गटही जुळवलेले बरे, आणि ही सगळी माहिती रुग्णाच्या हातात लेखी असावी.

ती लेखी का हवी, हे दिवाळीनंतर कळते. पाड्यावरची घरे कुलूपबंद होतात आणि माणसे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. मागच्या वर्षी या घराची एक तारीख अशीच हुकली. परक्या गावच्या दवाखान्यात फाइलशिवाय कोणाला काही उमगेना आणि बापलेक तसेच परतले. या वर्षी सिस्टरने एका जाड कार्डावर गट, प्रतिपिंडांचा तपशील, मागच्या पिशवीची तारीख आणि पुढची तारीख असे सगळे लिहून दिले आहे.

पिशवी संपली आहे. सिस्टर सुई काढून कापूस दाबते. वडील कार्ड दोनदा निरखून पाहतात, पुढच्या तारखेवर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘त्या दिवशी आम्ही बारडोलीकडे असू. तिथे कोणाला भेटायचे?’ सिस्टर खुर्ची ओढून बसते आणि फोन हातात घेते.